नळीच्या आतली बुळबुळ

रविवारी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, आमच्या मालकीण डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट होता तो. दातांच्या खुर्चीला फवाऱ्याची नळी असते, तिच्यातून पेशंटच्या तोंडात जाणाऱ्या पाण्यात जंतू चालतात त्याहून कितीतरी जास्त निघाले होते.

"लॅबची चूक असणार," त्या म्हणाल्या. "पुन्हा नमुने पाठवते."

त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. आमचा दवाखाना बहरीनमध्ये, अदलिया भागातल्या एका जुन्या, बैठ्या व्हिलात आहे. पाण्याची टाकी गच्चीवर, दिवसभर उन्हात. उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडावा तर हात पोळतो. अशा कोमट टाकीतल्या पाण्याचा भरवसा नको म्हणून बाईंनी मागेच सगळ्या खुर्च्या नळाच्या पाण्यापासून तोडून घेतल्या होत्या. प्रत्येक खुर्चीला स्वतःची बाटली, आणि बाटलीत डिस्टिल्ड वॉटर. याहून शुद्ध पाणी आणायचं तरी कुठून?

"या वेळी बाटलीतलं पाणीही वेगळं पाठवू या," मी सुचवलं.

ते पाठवलं. आठवड्याने दोन्ही रिपोर्ट आले आणि आम्ही दोघी ते शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो. बाटलीतलं पाणी निर्मळ. तेच पाणी खुर्चीच्या पोटातल्या नळीतून जाऊन फवाऱ्याच्या तोंडाशी आलं की जंतूंनी भरलेलं. दिसायला दोन्ही सारखी, काचेसारखी स्वच्छ.

मी मूळची सांगलीची. दातांची डॉक्टर. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे बहरीनला आले, मुलगी लहान होती म्हणून काही वर्षं झिंजमधल्या आमच्या फ्लॅटमध्येच काढली, मग इथल्या लायसन्सची परीक्षा दिली आणि या दवाखान्यात लागले. मालकीणबाई बहरीनी. त्याही दातांच्याच डॉक्टर, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. त्यांना सगळे जण 'दुक्तूरा' म्हणतात, म्हणजे अरबीत डॉक्टरबाई. आमचं आपसात बोलणं इंग्रजीत. त्यांचा स्वभाव कडक, पण एक गुण फार मोठा: एखादी गोष्ट पटली नाही तर त्या "नाही" म्हणत नाहीत, "दाखवा" म्हणतात. पुढे जे झालं ते या एका शब्दामुळे झालं.

रिपोर्ट आले त्याच दिवशी दुपारी माझ्या खुर्चीत एक शिक्षिका बसल्या होत्या. दातांवर कीटण बरंच. मी त्यांच्या दातांना गुलाबी औषध लावलं. हे औषध दात किडले आहेत की नाही ते सांगत नाही, फक्त चिकटलेला थर रंगवतं. स्वच्छ दातावरून ते धुऊन जातं, थर असेल तिथे गुलाबी डाग राहतो. मी हातात आरसा दिला, तशा त्या चकित झाल्या.

"मी तर रोज माउथवॉशने चुळा भरते. मग हे कुठून आलं?"

यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. दिवसातून दोन-चार वेळा तरी देते. "चूळ भरली की सुटं असतं ते निघून जातं. चिकटलेलं असतं ते जात नाही. ते घासूनच काढावं लागतं."

आणि हे बोलता बोलता माझा हात तसाच थांबला. हातात तीच फवाऱ्याची नळी होती.

त्या बाईंना वाटलं असेल, डॉक्टरला काय झालं. दातावरचं कीटण म्हणजे जंतूंनी बांधलेली वस्ती. पुस्तकात तिला बायोफिल्म म्हणतात. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की गालाच्या आतली कातडी सारखी झडत असते, तिला चिकटलेले जंतू तिच्याबरोबर निघून जातात. दात मात्र झडत नाही, म्हणून त्याच्यावर थर साठतो. नळीही झडत नाही. रोज सकाळी आम्ही नळीतून पाणी सोडून ती धुतो, म्हणजे नळी फक्त चूळ भरते. तिला आतून कधी कोणी घासलेलं नाही. जंतू पाण्यात नव्हतेच, ते भिंतीवर होते. पाणी जाताना त्यातले थोडे सोबत घेत होतं, इतकंच.

पेशंट गेल्यावर मी जवळजवळ धावतच दुक्तूरांच्या खोलीत गेले.

"मला एका खुर्चीची नळी कापून बघायची आहे," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. "खुर्ची वॉरंटीत आहे, डॉक्टर. तुम्हाला काय दिसेल असं वाटतंय?"

"कीटण."

त्या थोडं हसल्या. "नळीला दात नसतात."

मी माझं म्हणणं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की कोपऱ्यातल्या जुन्या खुर्चीची वॉरंटी संपली आहे, तिचं सर्व्हिसिंगही व्हायचंय, टेक्निशियन आला की तिची नळी काढून घ्या. "आणि मला दाखवा."

टेक्निशियन आमच्याकडे नेहमी येणारे होते. देवगडकडचे, पन्नाशीच्या आसपासचे, कितीतरी वर्षं बहरीनमध्येच. खुर्च्या पुरवणाऱ्या कंपनीत नोकरीला. माझं मराठी ऐकून पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'डॉक्टरबाई' करून टाकलं होतं आणि मी त्यांना 'दादा'. माझ्याशी बोलताना ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत आणि जरा रंगात आले की देवगडवर जात.

ते आले, त्यांनी खुर्चीचं झाकण उघडलं आणि नळी बाहेर काढली. राखाडी रंगाची, आरपार न दिसणारी, आतून जेमतेम काडी जाईल एवढी बारीक.

"पायपाक काय झाला नाय, डॉक्टरबाई," ते नळी वाकवून बघत म्हणाले. "अजून पाच वर्षं चालेल."

"कापायची आहे."

"चांगला पायप कापूचा?"

"उभा चिरायचा. आडवा नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईला ऊन लागलंय. पण नळी टेबलावर धरली. मी स्कॅल्पेल घेतलं आणि बोटभर लांबीचा तुकडा उभा चिरून पुस्तकासारखा उघडला.

पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. आतली बाजू किंचित मळकट, पिवळसर, बस. मन खट्टू झालं. मग हातमोजा घातलेलं बोट मी आतून फिरवलं, आणि बोट सटकलं. आत बुळबुळीत होतं. ओल्या दगडावर पाय पडावा तसं. दादांनीही हातमोजा चढवून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"ह्यां तर होडीच्या बुडासारख्या लागता," ते म्हणाले. त्यांच्या चुलत्यांची मासेमारीची होडी होती. होडी पाण्यात उतरवली की थोड्याच दिवसांत तिचं बूड असं बुळबुळीत होतं, आणि मग त्या बुळबुळीवर शेवाळ येतं, कालवं येतात, असं ते सांगू लागले. मी त्यांना मध्येच थांबवलं, कारण मला गुलाबी औषध आठवलं होतं.

मी त्यांच्या पेटीतल्या कोऱ्या नळीचा तुकडा मागून घेतला, तोही तसाच चिरला. दोन तुकडे शेजारी ठेवले. दोन्हींवर औषधाचे थेंब सोडले, जरा वेळ थांबले आणि दोन्ही पाण्याखाली धरले.

कोऱ्या तुकड्यावरून रंग पटकन वाहून गेला. जुन्याच्या आत तो तसाच राहिला. गडद गुलाबी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठे जाड, कुठे पातळ, ठिपक्याठिपक्यांचा. मी नळाची धार मोठी केली. तरी तो हलला नाही. मग दात घासायचा साधा ब्रश घेतला आणि एका कोपऱ्यात चार वेळा घासलं. तेवढाच कोपरा स्वच्छ झाला.

मी हसत होते. इतकी वर्षं तोंडं उघडून जे दाखवत आले, ते आज मला एका खुर्चीच्या पोटात सापडलं होतं. दादा खिशातून मोबाईल काढून फोटो घेत होते, आणि फोटो घेता घेता पुटपुटत होते, "आणि मी म्हणत होतंय पाच वर्षं चालेल."

दुक्तूरांनी दोन्ही तुकडे दिव्याखाली धरले. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही नेमके होते.

"डिस्टिल्ड पाण्यात यांना खायला काय मिळतं? आणि पाणी वाहत असताना हे भिंतीला चिकटतात कसे?"

पहिल्याचं उत्तर मी दिलं. जंतूंना फार लागत नाही. बाटली भरताना हातावरून जे जातं, हवेतून जे पडतं, नळीच्या प्लास्टिकमधून जे सुटतं, फवारा बंद होताना तोंडातला एखादा थेंब मागे ओढला गेला तर तो, एवढ्यावर त्यांचं भागतं. दुसऱ्याचं उत्तर मला अर्धंच देता आलं. आमच्या सांगलीत कृष्णेच्या मध्ये केवढीही धार असली तरी काठाला चिकटून पाणी संथ असतं. नळीतही तसंच, अगदी भिंतीलगत पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. शिवाय रात्रभर आणि शुक्रवारी सुट्टीमुळे दिवसभर ते सगळंच थांबलेलं. पण चिकटतात म्हणजे नेमकं काय करतात?

"पुस्तकात वाचलंय," मी म्हणाले. "पाहिलेलं नाही."

"मग पाहा," त्या म्हणाल्या, "आणि मला दाखवा."

दवाखान्यात एक मायक्रोस्कोप होता. हिरड्यांच्या पेशंटना त्यांच्याच तोंडातले जंतू स्क्रीनवर दाखवायला घेतलेला. सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर कापड पांघरून कोपऱ्यात बसला होता. गुरुवारी संध्याकाळी तो दुक्तूरांच्या परवानगीने मी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला, सीटबेल्ट लावला आणि झिंजला घरी आणला.

शुक्रवारी सकाळी नाश्ता झाल्यावर जेवणाचं टेबल मोकळं केलं. नवऱ्याने स्वतःचा लॅपटॉप उचलला आणि विचारलं, "हे जंतू आपल्या टेबलावर सांडणार तर नाहीत ना?" मी सांगितलं, की हे आपल्याकडच्या नळातही असतात. त्यावर तो लॅपटॉपसकट आतल्या खोलीत निघून गेला. मुलगी मात्र राहिली. ती तेव्हा सातवीत. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. शाळेतलं विज्ञान तिला कंटाळवाणं वाटायचं, त्यामुळे ती माझ्यासाठी नव्हे, स्क्रीन दिसला म्हणून बसली असावी.

नळीचा एक तुकडा मी थोड्या पाण्यात हलवून आणला होता. त्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर सोडला, वर पातळ काच ठेवली आणि भिंग फिरवत राहिले. राखाडी धुकं, मग आणखी धुकं, आणि मग एकदम तो थेंब जिवंत झाला. बारीक बारीक काड्या, काही नुसत्या थरथरणाऱ्या, काही सरळ रेषेत सुसाट जाणाऱ्या, मध्येच थांबून दिशा बदलणाऱ्या.

"आई, आर दे ऑल अलाइव्ह?"

"बऱ्याचशा. आता एकीवर नजर ठेव. काचेजवळ येते तिच्यावर."

आम्ही भिंग थेट काचेच्या पातळीवर आणलं. एक काडी पोहत आली, काचेला टेकली आणि एका टोकावर गरगर फिरू लागली, भोवऱ्यासारखी. तिचं एक टोक काचेला लागलं होतं आणि बाकीचं अंग सुटायला बघत होतं. थोड्या वेळाने ती सुटली आणि निघून गेली. दुसरी आली, तिनेही तेच केलं. तिसरी नुसती घासून गेली.

"शी इज जस्ट ब्राउझिंग," मुलगी म्हणाली. दुकानात शिरायचं, कपड्याला हात लावायचा आणि काही न घेता बाहेर पडायचं, तसं.

मला हसू आलं, पण तिने जे म्हटलं ते अगदी बरोबर होतं. पुस्तकात हीच पायरी पहिली आहे. काच पाण्यात बुडताच तिच्यावर पाण्यातल्या इवल्याशा कणांचा एक अदृश्य लेप बसतो. जंतू खरं तर काचेला नाही, त्या लेपाला शिवतो. सुरुवातीला फक्त जवळ आल्यामुळे जी किंचित ओढ असते, तेवढ्यावरच तो टेकलेला असतो. ती ओढ कच्ची. मनात आलं की सुटता येतं.

मी मुलीला ड्रॉपर दिला. काचेच्या एका कडेला टिपकागद लावायचा आणि दुसऱ्या कडेला स्वच्छ पाण्याचा थेंब सोडायचा, म्हणजे काचेखालून पाण्याचा लोंढा जातो. तिने थेंब सोडला. स्क्रीनवर सगळ्या काड्या एका बाजूला वाहून गेल्या. गरगर फिरणाऱ्याही गेल्या. दोन-तीन राहिल्या.

"वेट," ती खुर्चीतून उठली. "दॅट वन डिडन्ट मूव्ह."

ती काडी आता फिरत नव्हती. आडवी झाली होती, सबंध अंगाने काचेला टेकून. मुलीने आणखी एक थेंब सोडला. मग आणखी एक. काडी जागची हलली नाही. तिच्या वरून पाणी जात होतं आणि ती तिथेच.

"शी बॉट इट," मुलगी हळूच म्हणाली.

मला तो क्षण अजून स्पष्ट आठवतो. मुलगी उभी, हातात ड्रॉपर, आणि आम्ही दोघी एका काडीकडे बघतोय. ती काडी तिथे चिकटताना काय करते, ते मी तिला सांगत होते आणि सांगता सांगता माझं मलाच पहिल्यांदा समजत होतं. तिला बारीक केसांसारखे धागे असतात, ते ती काचेवर रोवते. आपण काही तरी घट्ट धरलंय, हे तिला कळतं. कळलं की तिचं वागणंच बदलतं. पोहायचं शेपूट ती आवरतं घेते आणि अंगातून एक चिकट पदार्थ बाहेर टाकायला लागते, साखर आणि प्रथिनं यांच्या मिश्रणाचा. डिंकासारखा. त्याने ती स्वतःला डकवून घेते. मग तिथेच एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, शेजारून जाणाऱ्याही त्या डिंकात अडकतात, आणि सगळ्या मिळून तो डिंक आणखी जाड करतात. आत पाणी खेळायला वाटासुद्धा राहतात. जंतुनाशक औषध टाकलं तर वरचा थर मरतो, खालच्यांना डिंक सांभाळतो.

"सो द बुळबुळ इज दि ग्लू," मुलगी म्हणाली. तिच्या तोंडून आलेला तो मराठी शब्द ऐकून मी तिला जवळ ओढलं. ती वैतागली, कारण तिला अजून थेंब सोडायचे होते.

त्या दिवशी जेवायला उशीर झाला. आम्ही एका बरणीत तेच पाणी घालून त्यात पातळ काचा दोऱ्याने टांगून ठेवल्या. शनिवारी त्यातली एक काढून, हळूच धुऊन पाहिली, तर जागोजागी चार-चार, आठ-आठ काड्यांचे घोळके बसलेले. नवराही या वेळी येऊन उभा राहिला आणि बराच वेळ हलला नाही. उरलेल्या काचा मी बरणी आणि मायक्रोस्कोपसकट दवाखान्यात नेल्या.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत दुक्तूरा मायक्रोस्कोपसमोर बसल्या. दादाही आले होते, सर्व्हिसिंगचं राहिलेलं काम करायला. मी आधी ताजा थेंब दाखवला: गरगर फिरणाऱ्या काड्या, मग आडव्या झालेल्या. पाण्याचा थेंब दुक्तूरांनी स्वतः सोडला. एकदा, दोनदा, तीनदा. मग मी बरणीतली काच त्यांना दिली. तिच्यावर आता घोळक्यांना घोळके जोडले जाऊन डोळ्यांना दिसेल असा एक पुसट थर आला होता. त्यावर त्यांनी गुलाबी औषध टाकलं, धुतलं, आणि काच उजेडाकडे धरून बघत राहिल्या.

"मी तीस वर्षं हे दातांवरून खरवडते आहे," त्या म्हणाल्या. "हे बसताना कधी पाहिलं नव्हतं."

मग त्या दादांकडे वळल्या आणि हिंदीत विचारलं, "सगळ्या खुर्च्यांच्या नळ्या बदलायला किती वेळ लागेल?"

"दोन दिवस, मॅडम. पण नव्या नळीतही पाणी तेच जाणार."

"म्हणूनच विचारते आहे," दुक्तूरा म्हणाल्या. "नंतर काय करायचं?"

त्यावर आम्ही तिघे बराच वेळ बोललो. नळीत ब्रश घालता येत नाही, म्हणजे घासणं शक्य नाही. मग एकच मार्ग: काडी आडवी व्हायच्या आत तिला गाठायचं. थर जुना झाला की औषध हरतं, कोवळा असताना जिंकतं. म्हणून रोज संध्याकाळी बाटल्या रिकाम्या करून नळ्या हवेने कोरड्या करायच्या, पाणी साठू द्यायचं नाही. दर आठवड्याला नळीत जंतुनाशक औषध भरून, सांगितलं आहे तेवढा वेळ ठेवून, मग काढायचं. बाटलीच्या तोंडाला उघड्या हाताने शिवायचं नाही. प्रत्येक पेशंटनंतर फवारा थोडा वेळ सोडायचा. दादांनी खुर्चीच्या आत एक कोपरा दाखवला, जिथे नळीची एक शाखा कुठेच जात नव्हती, जुन्या कुठल्यातरी उपकरणासाठी ठेवलेली. तिच्यात पाणी कायम थांबलेलं. ती त्यांनी त्याच दिवशी कापून बंद केली.

"आता खलास?" दुक्तूरांनी मला विचारलं. सगळ्यांसमोर अरबीत विचारलं, म्हणजे खुशीत होत्या.

"खलास मफी," मी माझ्या मोडक्या अरबीत म्हणाले. "दर आठवड्याला यल्ला." म्हणजे संपायचं नाहीच, दर आठवड्याला पुन्हा चला.

त्या मोठ्याने हसल्या. त्यांना तशा हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

नळ्या बदलल्या. त्यानंतरचा रिपोर्ट यायचा होता त्या सकाळी माझं कामात लक्ष नव्हतं. रिपोर्ट दुक्तूरांच्या मोबाईलवर आला, त्यांनी तो माझ्यासमोर धरला. सगळ्या खुर्च्या पास. मी त्यांना मिठी मारली, आणि मग भानावर येऊन बाजूला झाले. पुढच्या महिन्याचाही पास झाला. एका महिन्यात एका खुर्चीचा आकडा जरा वर सरकला, तेव्हा कळलं की सुट्टीच्या गडबडीत तिचं साप्ताहिक औषध राहून गेलं होतं. ते पुन्हा सुरू झालं आणि आकडा खाली आला. त्यावरून तर सगळ्या स्टाफला जास्तच पटलं.

घरी मात्र प्रकरण वेगळ्याच वाटेला लागलं. मुलगी रोज जेवताना काही ना काही विचारायची. प्लास्टिकला जास्त चिकटतात की काचेला? तेल लावलं तर? आणि एक दिवस तिने विचारलं, "आई, व्हॉट अबाउट द सी?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचा मला आनंद झाला. शुक्रवारी आम्ही तिघे बुसैतीनला गेलो. तिथे किनाऱ्याला लहान होड्या बांधलेल्या असतात. काचपट्ट्यांना भोकं पाडता येईनात, म्हणून मुलीने त्या कपड्यांच्या चिमट्यांत अडकवल्या होत्या आणि चिमटे मासे धरायच्या दोरीला बांधले होते. एका होडीवाल्या म्हाताऱ्या बाबांनी दोरी त्यांच्या होडीच्या कडीला बांधू दिली. "समक?" त्यांनी विचारलं. मासे धरताय का? मुलीने नाही म्हणून मान हलवली आणि शाळेत शिकलेल्या अरबीत काहीतरी लांबलचक समजावून सांगितलं. ते किती कळलं कोण जाणे, पण ते मन लावून ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, पुढच्या शुक्रवारी या, दोरी इथेच असेल, इंशाल्ला.

दोरी तिथेच होती. दोन काचा फुटल्या होत्या, बाकीच्या शाबूत. मुलीने त्या समुद्राच्याच पाण्याच्या डब्यात ठेवल्या आणि डबा सबंध रस्ता मांडीवर धरून बसली. मायक्रोस्कोप मी आदल्या संध्याकाळीच दवाखान्यातून पुन्हा आणून ठेवला होता. घरी आल्यावर बूट न काढताच तिने एक काच भिंगाखाली सरकवली.

दवाखान्यातल्या काड्या आम्हाला ओळखीच्या झाल्या होत्या. इथे काड्या होत्याच, खाली अंथरलेल्या, पण त्यांच्यावर आणखी कितीतरी. सोनेरी, काचेच्या होड्यांसारखे निमुळते जीव, मधोमध एक रेघ असलेले, आणि ते त्या बुळबुळीवरून सरकत होते. पाय नाही, वल्हं नाही, तरी सावकाश पुढे जात होते, समोर कोणी आलं की थांबत होते, मागे येत होते.

"बाबा," मुलीने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "लवकर ये, हे बघ."

नवरा आला. मी माझी खुर्ची त्याला दिली.